टाळेबंदीचा हिशेब : कशाच्या तुलनेत?

शाळाशाळांच्या वादविवाद स्पर्धांत ‘टाळेबंदी : तारक की मारक?’ हा विषय अजूनही दिला जातो. अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसण्याचा योग आम्हांला दोनचारदा आला. अनुकूल बाजूचा विद्यार्थी ठामपणे सांगतो, की टाळेबंदीमुळे युरोपात एकतीस लाख जीव वाचले. प्रतिकूल बाजूचा तितक्याच ठामपणे सांगतो, की टाळेबंदीने मृत्यू जेमतेम ०.२ टक्क्यांनी कमी झाले. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडतात. गंमत अशी, की यांतला एकही आकडा त्या मुलांनी मनाने रचलेला नसतो. दोन्ही आकडे शोधनिबंधांत छापून आलेले आहेत, आणि वर्तमानपत्रांनी ते जगभर पोहोचवलेले आहेत. मग दोन्ही एकाच वेळी खरे कसे असतील? आणि नसतील, तर त्यांतला खोटा कोणता?

आमचे मत असे, की हा प्रश्नच चुकीचा आहे. दोन्ही आकडे कशाच्या तुलनेत काढले, हे विचारले की त्यांतले बरेचसे गूढ उकलते. ते न विचारता चाललेला वाद म्हणजे एकाने मीटर आणि दुसऱ्याने फूट घेऊन खोलीच्या लांबीवर भांडण्यासारखे आहे.

आधी वर्गात फळ्यावर करता येईल असे एक साधे गणित पाहू. समजा, एका शहरात आज १०० रुग्ण आहेत आणि प्रत्येक रुग्ण सरासरी अडीच जणांना संसर्ग देतो. संसर्गाच्या पाच फेऱ्यांनंतर, म्हणजे ढोबळमानाने महिन्याभरात, पाचव्या फेरीत किती नवे रुग्ण असतील? १०० ला २.५ ने पाच वेळा गुणायचे. उत्तर येते ९,७६६. आता समजा, कडक टाळेबंदीमुळे प्रत्येक रुग्ण सरासरी ०.९ जणांनाच संसर्ग देऊ लागला. १०० ला ०.९ ने पाच वेळा गुणले की उत्तर येते ५९. म्हणजे टाळेबंदीने ९९ टक्क्यांहून अधिक संसर्ग टाळला. अनुकूल बाजूचा विजय!

पण जरा थांबा. टाळेबंदी नसती तर लोक पूर्वीसारखेच लग्नांना, जत्रांना, बाजाराला गेले असते का? शेजारच्या गल्लीतून रोज रुग्णवाहिका जात असताना? बहुतेक जण आपण होऊन घरी थांबले असते. समजा, या भीतीमुळेच प्रत्येक रुग्णामागे संसर्गाचे प्रमाण १.३ वर आले असते. मग पाचव्या फेरीचे उत्तर येते ३७१. टाळेबंदीचे ५९ याच्याशी ताडून पाहिले तर टाळलेला संसर्ग ८४ टक्के. आणि लोक फारच सावध असतील, प्रमाण नुसत्या सावधगिरीने ०.९५ वर येणार असेल, तर उत्तर ७७. तेव्हा टाळेबंदीचा उपयोग जेमतेम पाव हिश्शाचा. टाळेबंदी तीच, तिचा परिणामही तोच ५९. बदलले ते फक्त शेजारी मांडलेले दुसरे, न घडलेले जग.

आता पहिला आकडा घेऊ. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या गटाचा शोधनिबंध ‘नेचर’ या नियतकालिकात जून २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातील ११ देशांत ४ मे २०२० पर्यंत सरकारी उपायांमुळे सुमारे ३१ लाख मृत्यू टळले, असे त्यात म्हटले होते. या देशांत तोवर प्रत्यक्ष नोंदलेले मृत्यू सुमारे १ लाख ३० हजार होते. ३१ लाखांचा आकडा कोणत्या जगाच्या तुलनेत? तर जेथे साथीच्या पहिल्या आठवड्यांतला संसर्गाचा वेग मे महिन्यापर्यंत तसाच राहिला, कोणीही काहीही बदलले नाही, अशा जगाच्या तुलनेत. इटलीतल्या बेर्गामो शहरातून लष्कराच्या मालमोटारी शवपेट्या घेऊन जात असल्याचे दृश्य मार्च २०२० मध्ये साऱ्या युरोपाने दूरदर्शनवर पाहिले. ते पाहूनही दुसऱ्या दिवशी सगळे नाट्यगृहात जाऊन बसतील, अशी कल्पना त्या काल्पनिक जगात आहे.

याहून नाजूक अडचण मॉडेलच्या बांधणीत होती. संसर्गाचा वेग फक्त सरकारी उपायाच्या तारखेलाच बदलू शकतो, अधल्यामधल्या दिवशी नाही, असे त्यात धरले होते. शाळा बंद, सभा-समारंभ बंद, अंतर राखण्याचे आवाहन, टाळेबंदी हे उपाय बहुतेक देशांत दोन-तीन आठवड्यांच्या आत एकामागोमाग आले. वेग कमी झाला हे खरे. पण श्रेय देण्यासाठी मॉडेलपुढे सरकारी तारखांशिवाय दुसरा उमेदवारच ठेवलेला नव्हता. स्वीडनमध्ये टाळेबंदी झाली नाही, तरी तेथेही वेग उतरला. मग मॉडेलने तेथे सारे श्रेय सभा-समारंभांच्या बंदीला देऊन टाकले. इतर देशांत याच बंदीचा परिणाम नगण्य निघाला होता! ही विसंगती काही स्वीडिश संशोधकांनी डिसेंबर २०२० मध्ये त्याच नियतकालिकात दाखवून दिली. परीक्षेला एकच विद्यार्थी बसवला तर पहिला क्रमांक त्याचाच येणार.

दुसरा आकडा जानेवारी २०२२ मधला. हर्बी, यॉनुंग आणि हॅन्के या तीन अर्थशास्त्रज्ञांनी इतरांचे अनेक अभ्यास एकत्र करून त्यांचे सार काढले. पहिल्या लाटेत टाळेबंदीने कोविडचे मृत्यू सरासरी ०.२ टक्क्यांनी कमी झाले, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा आकडा अमेरिकी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या नावाने गाजला. प्रत्यक्षात तो तेथील एका अर्थशास्त्रीय संस्थेचा कार्यनिबंध होता, वैद्यक विभागाशी त्याचा संबंध नव्हता. तो कशाच्या तुलनेत काढला होता? सरकारने काहीच केले नाही अशा जगाच्या तुलनेत नव्हे, तर सरकारने सक्ती न करता केवळ सल्ला दिला आणि लोकांनी तो बऱ्यापैकी मानला, अशा जगाच्या तुलनेत. आमच्या फळ्यावरच्या गणितातला हा ७७ आणि ५९ मधला फरक झाला.

शिवाय या निबंधात टाळेबंदीची व्याख्या काय होती, हे स्पर्धेतल्या एकाही मुलाने सांगितल्याचे आम्हांला आठवत नाही. कोणत्याही एका सक्तीच्या उपायाला तेथे टाळेबंदी म्हटले आहे. व्याख्येप्रमाणे मुखपट्टीची सक्ती हीसुद्धा टाळेबंदीच. आपल्याकडे २०२० च्या एप्रिलमध्ये ज्याला टाळेबंदी म्हणत होते, त्याच्याशी ही व्याख्या जुळवून पाहा. पुढे याच लेखकांनी सुधारित आवृत्ती काढली आणि २०२३ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. तिच्यात ०.२ चे ३.२ टक्के झाले. म्हणजे लेखकांच्या स्वतःच्याच हाताने आकडा सोळापट वाढला. त्यांचा मूळ निष्कर्ष, म्हणजे परिणाम लहानच होता, त्यांनी सोडला नाही, हेही नोंदवायला हवे. पण वक्तृत्वात अजूनही ०.२ च चालतो. लहान आकडा पाठ करायला सोपा असावा.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग खरा परिणाम या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असेल. तसे म्हणणे सोपे आहे, पण आमचा मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की फायद्याच्या रकान्यात जी तुलना धरली, तीच तोट्याच्या रकान्यातही धरली पाहिजे. आणि नेमके हेच दोन्ही बाजूंकडून होत नाही.

टाळेबंदीचे विरोधक म्हणतात, लोक आपण होऊनच घरी थांबले असते, त्यामुळे वाचलेल्या जिवांचे श्रेय सक्तीला देऊ नका. ठीक. पण मग बुडालेले धंदे, रिकामी उपाहारगृहे, गेलेल्या नोकऱ्या यांचा दोष मात्र ते सगळाच्या सगळा सक्तीवर टाकतात. लोक आपण होऊन घरी थांबले असते, तर उपाहारगृहात कोण जाऊन बसले असते? समर्थकांची खतावणी याच्या उलट. जीव वाचले ते टाळेबंदीने, रोजगार बुडाले ते विषाणूने. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, असा हा जमाखर्च आहे.

एकच वही धरून हिशेब करता येतो, याची दोन चांगली उदाहरणे आहेत. अमेरिकेत गूल्सबी आणि सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी मोबाइल फोनच्या नोंदींवरून दुकाने आणि उपाहारगृहे यांत होणारी लोकांची ये-जा मोजली. शेजारशेजारच्या परगण्यांपैकी एकात बंदीचा हुकूम आहे आणि दुसऱ्यात नाही, अशा जोड्या त्यांनी घेतल्या. २०२० च्या वसंतात एकूण ये-जा सुमारे ६० टक्क्यांनी घटली होती. त्यांतली हुकुमामुळे झालेली घट केवळ ७ टक्क्यांच्या आसपास निघाली. बाकीची भीतीमुळे. दुसरे उदाहरण डेन्मार्क आणि स्वीडनचे. दोन्ही देशांत ग्राहक असलेल्या एका बँकेच्या नोंदींवरून लोकांचा खर्च तपासला गेला. टाळेबंदी केलेल्या डेन्मार्कमध्ये खर्च २९ टक्क्यांनी घटला, टाळेबंदी न केलेल्या स्वीडनमध्ये २५ टक्क्यांनी. सक्तीच्या खात्यावर टाकायचा फरक चार टक्क्यांचा.

हे निष्कर्ष दुधारी आहेत. या देशांत सक्तीने फार जीव वाचवले नसतील, तर तिने फार धंदेही बुडवले नाहीत. एक मान्य करून दुसरे नाकारणे चालणार नाही.

स्वीडनचे नाव निघालेच आहे, तर त्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण दोन्ही बाजूंना स्वीडन फार आवडतो. २०२० अखेर स्वीडनमध्ये कोविडचे मृत्यू नऊ हजारांच्या घरात होते, तर शेजारच्या नॉर्वेत पाचशेच्याही आत. स्वीडनची लोकसंख्या नॉर्वेच्या दुप्पटही नाही. समर्थक येथे थांबतात. विरोधक २०२२ अखेरपर्यंतचा हिशेब मांडतात. नेहमीच्या सरासरीपेक्षा किती मृत्यू अधिक झाले हे पाहिले, तर तीन वर्षांच्या बेरजेत स्वीडन युरोपातल्या सर्वांत कमी मृत्यूंच्या देशांत येतो. दोन्ही विधाने खरी आहेत, कालखंड वेगळे आहेत. तेथे सरकारनेच नेमलेल्या आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये अहवाल दिला. सल्ल्यावर आणि स्वेच्छेवर भर देण्याचे धोरण मूलतः योग्य होते, पण फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये अधिक कडक उपाय लवकर करायला हवे होते, असे त्याने म्हटले. असा अहवाल वादविवाद स्पर्धेत कोणाच्याच उपयोगाचा नाही.

स्वीडनमध्ये स्वेच्छा चालली, कारण ती परवडत होती. आजारी रजेचा पगार मिळतो, बरेच लोक एकेकटे राहतात, कार्यालयीन काम घरून होते. घरी थांबण्याचा सल्ला मुंबईतल्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगारी कामगाराला दिला, तर तो काय करील? भीती त्यालाही असते, पण संध्याकाळी पीठ आणावे लागते. येथे भीतीमुळे आपोआप होणारी घट लहान आणि हुकुमामुळे होणारी घट मोठी. म्हणून अमेरिकेचे ७ टक्के किंवा डेन्मार्कचे ४ टक्के उचलून भारताला लावणे चूक आहे. आपल्याकडे सक्तीच्या खात्यावरचा खर्च खराच मोठा होता, आणि तो कोणी भरला हेही स्पष्ट आहे.

तारखा पाहा. २२ मार्च २०२० रोजी केंद्राने रुग्ण आढळलेले ७५ जिल्हे बंद करण्याचे ठरवले. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी मध्यरात्रीपासून अवघा देश २१ दिवसांसाठी बंद केला. सूचना चार तासांची. त्या वेळी देशात नोंदलेले रुग्ण सुमारे सहाशेच्या आत होते आणि बहुसंख्य जिल्ह्यांत एकही नव्हता. प्रवासी रेल्वे त्याआधीच थांबली होती. मजुरांसाठी ‘श्रमिक’ गाड्या सुरू झाल्या १ मे रोजी. म्हणजे शहरांत संसर्ग अगदी कमी होता तेव्हा मजुरांना तेथेच अडकवले, आणि तो पसरल्यानंतर गावोगाव पोहोचवले. साथ रोखण्याच्याच कसोटीवर हा क्रम उलटा आहे. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला आढळला, इमारतींत १६ टक्के. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि नळ-शौचालय सामायिक, तेव्हा घरात थांबणे म्हणजे अंतर राखणे नव्हे. टाळेबंदीचा उपाय सर्वांना एकच होता, त्याचा गुण मात्र घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे येत होता.

८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले हे कामगार मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जायला निघाले होते. गाड्या बंद, म्हणून रुळांवरून आता गाडी येणार नाही असा त्यांचा समज असावा. कोणतीही तुलना धरा, हे सोळा मृत्यू सक्तीच्याच खात्यावर जातात. विषाणूच्या खात्यावर ते टाकता येत नाहीत.

सगळ्याच नोंदी इतक्या स्पष्ट नसतात. २०१९ मध्ये देशात क्षयरोगाचे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये १८ लाख. क्षयरोग कमी झाला नव्हता, सहा लाख माणसे नोंदीतून निसटली. काही बस नाही म्हणून गेली नाहीत, काही दवाखान्यात कोविड होईल म्हणून घाबरली, आणि काही ठिकाणी तपासणारा कर्मचारीच कोविडच्या कामावर होता. पहिले कारण सक्तीचे, दुसरे भीतीचे, तिसरे साथीचे. एप्रिल-जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पन्न आधीच्या वर्षाच्या तुलनेत २३.९ टक्क्यांनी घटल्याचे पहिल्या सरकारी अंदाजात म्हटले होते. त्यातही असेच तीन वाटे आहेत. ते न पाडता सबंध आकडा एका बाजूला ढकलणे हा आळस आहे.

मग या टाळेबंदीने मिळवले काय? वेळ मिळवला, आणि ही मिळकत नगण्य नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पहिल्या देशव्यापी पाहणीत, मे-जून २०२० मध्ये, दर हजार प्रौढांपैकी सातच जणांना संसर्ग झालेला आढळला. साथ पुढे ढकलली गेली, थांबली नव्हती. ढकलल्याचा लाभ मिळाला तो असा : जूनमध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीतून कळले, की डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध कृत्रिम श्वसनावर असलेल्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी करते. जो रुग्ण एप्रिलऐवजी सप्टेंबरमध्ये आजारी पडला, त्याला हे औषध मिळाले. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले. पण मिळवलेला वेळ खर्चही करावा लागतो. एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूसाठी नातेवाईक सिलिंडर घेऊन वणवण फिरत होते, तेव्हा पहिल्या टाळेबंदीला वर्ष उलटून गेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०-२१ मध्ये भारतात सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज मे २०२२ मध्ये दिला. भारत सरकारला तो मान्य नाही; सरकारी आकडा त्याच्या सुमारे एक-दशांश होता. वादाच्या मुळाशीच इतके अंतर असताना दशांश चिन्हापुढच्या टक्क्यांवर भांडणारे आम्हांला जरा विनोदी वाटतात.

सक्तीचा आणखी एक खर्च कोणत्याच रकान्यात बसत नाही. तो महाराष्ट्राला नवा नाही. मार्च २०२० मध्ये राज्य सरकारने जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ सालचा, प्लेगच्या वेळचा. त्या वर्षी पुण्यात सैनिक घरांत शिरून रुग्ण शोधत, सामान बाहेर काढून जाळत. परिणाम असा झाला, की लोक रुग्ण लपवू लागले. २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण इतिहासात शिकवतो. विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखी गोष्ट ही, की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून येतो हे सिमाँने दाखवले ते पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये. म्हणजे इतकी सक्ती करून सरकार चुकीच्या वाटेवर पहारा देत होते. त्याच साथीत आजारी मुलाला पाठीवरून दवाखान्यात नेताना सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आरोग्यसेवा म्हणजे एकटा पहारा नव्हे, हेही त्याच पुण्यात दिसत होते.

आता आपल्या, म्हणजे शाळेच्या प्रश्नाकडे येऊ. तुलनेची कसोटी येथेच सर्वांत उपयोगी पडते, कारण शाळा कोणी भीतीने ओस पाडली नव्हती. ती हुकुमाने बंद झाली आणि हुकुमानेच उघडली. तिचा लाभ आणि तोटा दोन्ही हुकुमाचेच.

लाभाची बाजू आधी, आणि तीही शिक्षकांच्या अंगाने. स्वीडनमध्ये २०२० च्या वसंतात सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळा चालू राहिल्या, त्यावरच्या वर्गांचे शिक्षण घरून झाले. एकाच देशात, एकाच वेळी, शेजारच्या वर्गांत वेगवेगळा नियम! संशोधकांना याहून चांगला प्रयोग आखता आला नसता. मुलांमध्ये गंभीर आजार अत्यंत विरळा निघाला. १६ वर्षांखालील सुमारे साडेएकोणीस लाख मुलांपैकी मार्च ते जून २०२० मध्ये १५ जणांना अतिदक्षता विभागात न्यावे लागले, त्यांपैकी कोणीही दगावले नाही. पण चालू शाळांतल्या शिक्षकांना संसर्ग होण्याचे प्रमाण घरून शिकवणाऱ्या वरच्या वर्गांच्या शिक्षकांच्या सुमारे दुप्पट निघाले. पालकांमध्ये वाढ किरकोळ होती. तेव्हा शाळा चालू ठेवा, काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ‘कोणाला’ हा शब्द गाळला होता. मार्च २०२० मध्ये, लस नसताना आणि आजाराची पुरती ओळख नसताना शाळा बंद करण्याच्या निर्णयाला आम्ही दोष देणार नाही.

दोष देऊ तो पुढच्या क्रमाला. महाराष्ट्रात मद्याची दुकाने मे २०२० मध्ये उघडली, उपाहारगृहे आणि मद्यालये ५ ऑक्टोबर २०२० ला. २० जुलै २०२१ रोजी परिषदेच्या चौथ्या पाहणीचे निष्कर्ष आले. सहा ते नऊ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांना तोवर संसर्ग होऊन गेला होता. शाळा बंद ठेवून संसर्ग टळला नव्हता, तो घरी आला होता. त्याच दिवशी परिषदेच्या महासंचालकांनी, शाळा उघडायच्याच तर आधी प्राथमिक उघडा, असे सुचवले. राज्याने केले नेमके उलटे. जुलैत कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावी, ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून पुढे, आणि पहिली ते चौथी सर्वांत शेवटी, १ डिसेंबर २०२१ ला. जानेवारीत पुन्हा बंद, मग २४ जानेवारीपासून उघडण्याची मुभा. मोठी मुले अंतर पाळतील, असा विचार त्यामागे असावा. पण मोठी मुले पडद्यावर थोडेफार शिकू शकतात. अक्षर गिरवायला हात धरणारा माणूस लागतो तो सहा वर्षांच्या मुलाला.

जी मुले जून २०२० मध्ये पहिलीत आली, त्यांनी शाळेची पायरी चढली ती दुसरीच्या मध्यावर. ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्यांतील वंचित वस्त्यांत सुमारे १,४०० मुलांची पाहणी झाली, तीत ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले ८ टक्के निघाली. ३७ टक्के मुले मुळीच शिकत नव्हती. ‘असर’च्या पाहणीप्रमाणे दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची ग्रामीण मुले देशभरात २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के. पटनोंदणी मात्र याच काळात किंचित वाढली. म्हणजे मुले परत आली, वाचन परतले नाही. २०२४ च्या पाहणीत सरकारी शाळांतला हा आकडा २०१८ च्याही वर गेला, हे खरे आहे आणि त्याचे श्रेय प्राथमिक शिक्षकांना निःसंकोच द्यावे. पण तो आकडा नव्या तिसरीचा आहे. २०२० ची पहिली तोवर पाचवीत गेली होती. २०२२ ची ती कमकुवत तिसरी तिचीच होती.

आता हिशेब तोच धरून निवाडा करू. २०२१ च्या पावसाळ्यानंतर ग्रामीण प्राथमिक शाळा बंद ठेवण्याची तुलना ‘संसर्गच नाही’ अशा जगाशी करता येत नाही. तुलना करायची ती बाजार, लग्ने आणि एस.टी. चालू असलेल्या त्याच गावाशी. त्या गावात शाळा बंद ठेवून अधिकचे किती टळले? फारच थोडे. गमावले किती? दोन इयत्तांचे वाचन. आमच्या मते हा निर्णय चुकला, आणि पहिल्या चार तासांच्या सूचनेइतकाच चुकला. तरीही टाळेबंदीने कोणाचाच जीव वाचला नाही, हे विधान आम्हांला मान्य नाही. न्यूझीलंडने मार्च २०२० मध्ये कडक टाळेबंदी केली, सीमा बंद ठेवल्या आणि लस मिळेपर्यंत साथ दाराबाहेर थोपवली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत तेथे नेहमीपेक्षा कमी मृत्यू झाले. मिळवलेल्या वेळाच्या शेवटी लस उभी होती, आणि देश एक बेट होता. उत्तर प्रदेशची सीमा अशी बंद होत नाही.

स्पर्धेच्या आयोजकांना आमची एक विनंती आहे. पुढच्या वर्षी हा विषय द्यायचाच असेल, तर शब्द थोडे बदलून द्यावेत : ‘पहिली ते चौथीचे ग्रामीण वर्ग डिसेंबर २०२१ ऐवजी ऑगस्ट २०२१ मध्ये उघडायला हवे होते.’ शाळेची तेव्हाची हजेरीपत्रके कपाटात असतील, गावातल्या आरोग्य उपकेंद्राच्या नोंदीही मिळतील. मुलांना ती तयारीसाठी आठवडाभर द्यावीत. भाषणाला पाच मिनिटे पुरतात, पण पहिल्या मिनिटात वक्त्याने आपण कोणत्या दोन गावांची तुलना करतो आहोत हे सांगितले नाही, तर घंटा तेथेच वाजवावी.